इसरू उठला होता

अहेरी,
२४ नोव्हेंबर २०२३

राजदीपभाऊ,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायची रीत आहे, पण तुझ्यासमोर रोज इतके जण साष्टांग घालतात की माझ्या एकटीच्या नमस्काराची तुला उणीव भासणार नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून कागद काढला. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

परवा 'प्राणहिता चोवीस'वर तुझी बातमी पाहिली. एटापल्ली तालुक्यातलं इरुकटोला, मोहाचं झाड, इस्त्रीच्या जाकिटात तू. म्हणालास, "पेनमेट्टाची टेकडी लोहखाणीला देण्यास ग्रामसभेची सर्वसंमती. विरोधाचा एकही सूर नाही." तुझ्यामागे बसलेली माणसं दोन क्षण दिसली आणि मग कॅमेरा एकदम वर, मोहाच्या पानांकडे गेला. मोहाच्या पानांचीही संमती घेतली असेल तर सांग.

मी त्या दिवशी तिथेच होते, तुझ्या डाव्या हाताला, माझा कॅमेरा लावून. तू मला पाहिलंस आणि न पाहिल्यासारखं केलंस. चुलत बहिणीला ओळख न देण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

आता नीट वाच. त्या गावात हात वर करून मत देत नाहीत. सभा बसते, बोलणं होतं, आणि ज्याला पटलं नाही तो भांडत नाही, ओरडत नाही. तो उठतो आणि घराकडे चालू लागतो. एक जरी माणूस उठला तरी ठराव होत नाही, पुन्हा कधीतरी बसायचं. तू बोलायला सुरुवात केलीस तेव्हा पहिला उठला तो इसरू. हा इसरू कशालाही उठतो, हे मी आधीच सांगते. गावजेवणाची भांडी घ्यायची होती तेव्हा तो इतक्या वेळा उठला की गाव अजून पत्रावळीवर जेवतं. पण या वेळी त्याच्यामागून त्याची बायको नीलाबाई उठली, मग काठी चाचपत म्हातारा मंगरू उठला, मग आणखी आठ जण. तू 'एकही सूर नाही' म्हणालास तेव्हा तुझ्या पाठीमागे जमीन दिसत होती.

ती टेकडी म्हणजे त्यांचा देव, त्यांचा मोह, त्यांचं पाणी. इसरूचं 'नाही' धरलं गेलं नाही तर ती जाईल. गावाने या ठरावाला हरकत घेतली आहे, फेब्रुवारीत तिची सुनावणी आहे. त्याआधी तुझ्या चॅनलवर उभा राहा आणि सांग की अकरा माणसं उठली होती. नाहीतर मी सांगेन, माझ्या पद्धतीने. माझी पद्धत तुला माहीत आहे.

दिव्यानी

·

चंद्रपूर,
४ डिसेंबर २०२३

दिव्यानी,

तुझं पत्र मिळालं. उत्तर कागदावरच देतो, कारण फोनवर तू माणसाचं बोलणं रेकॉर्ड करतेस आणि नंतर त्याला म्हशीचं तोंड लावतेस. मंत्रीमहोदयांच्या भाषणावर तू डबक्यातल्या म्हशीचं रवंथ दाखवलं होतंस, ते चंद्रपूर विसरलेलं नाही. मंत्रीही विसरलेले नाहीत. मला त्यांच्या स्वीय सहायकाने विचारलं, "निकुरे, ही तुमच्यातलीच का?" मी नाही म्हणालो. आता तूच ठरव, खोटं कोण बोलायला लावतं.

बातमीदार कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. दहावीच्या पोरालाही हे कळतं. माझ्या पाठीला डोळे नाहीत. मागे कोण बसलं, कोण उठलं, कोणाची बकरी सुटली आणि कोण लघवीला गेलं, हे मला दिसत नाही. ग्रामसेवकाने ठराव लिहिला, तो मी वाचला, विषय संपला. जंगलातल्या प्रत्येक गावाची उठबस शिकत बसलो तर बातमी पुढच्या दिवाळीला लागेल.

आणि तुझी पद्धत म्हणजे काय ते मी सांगतो. दोन-चार नाटकवाले गोळा करायचे, त्यांना तोंडं वेडीवाकडी करायला लावायची, आणि कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसाची टिंगल करायची. नाचता येईना अंगण वाकडं. तुला एकाही चॅनलने ठेवून घेतलं नाही, म्हणून सगळी चॅनलं विकलेली. लटारूकाका परवा मूल गावाहून आला होता. विचारत होता, आपली दिव्यानी करते काय? मी सांगितलं, घरच्यांची अब्रू पडद्यावर लावते.

यावर तसला चित्रपट काढून दाखवलास तर आमच्या वकिलाची नोटीस येईल. मालक माझ्यासारखा नात्याला जपणारा नाही.

राजदीप

·

अहेरी,
११ जानेवारी २०२४

राजदीपभाऊ,

नोटीस आली. छान कागद आहे, जाड. चुलीला बरा लागला.

चित्रपट दाखवला. आरमोरीकडच्या एका गावच्या मंडईत, जत्रेच्या गर्दीत, नाटक सुरू व्हायच्या आधी, कापडी पडद्यावर. नाव 'सर्वसंमती'. तुझी भूमिका झिंगूने केली. झाडीपट्टीच्या नाटकांत तो गेली कित्येक वर्षं लोकांना पोट धरून हसायला लावतो, तुला माहीत असेलच, लहानपणी तूच त्याची नक्कल करायचास. माईक म्हणून त्याच्या हातात वाळक्या भोपळ्याचा तुंबा दिला. तो एका कापलेल्या सागाच्या खुंटाला विचारतो, "विकासाबद्दल आपलं मत काय?" खुंट गप्प. झिंगू कॅमेऱ्याकडे वळून म्हणतो, "प्रेक्षकहो, मौन म्हणजे संमती." मग तो बकरीला विचारतो. बकरी त्याच्या जाकिटाचं बटण खाते. तेही संमतीत धरलं.

आणि शेवटी, नट बाजूला करून, तू. खरा तू, माझ्या कॅमेऱ्यातला, एकही काप न मारलेला. तू बोलतोस आणि मागे इसरू उठतो, नीलाबाई उठते, मंगरू काठी शोधतो. त्यावर मी माझ्या आवाजात एवढंच म्हटलं आहे: "बिचाऱ्याला पाठीमागचं दिसलं नाही." भाऊ, मंडईतली माणसं इतकी हसली की नाटक कंपनीचा मालक आतून बाहेर आला. कोणीतरी ओरडलं, "मांगं पाहा ना भाऊ." मग सगळा मांडवच ते ओरडायला लागला. तुझी इतकी प्रसिद्धी तुझ्या चॅनलनेही केली नव्हती.

इरुकटोल्यातही दाखवला. इसरूला स्वतःचं उठणं फार आवडलं. त्याने ते पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा, आणि जेव्हा मी बॅटरी संपत आल्याचं सांगितलं तेव्हा तो रुसून उठून गेला. नीलाबाई म्हणाली, "पडद्यावर गेला अन् याचं डोक्स फिरलं."

आता मुद्दा. चित्रपट मी सुनावणीच्या साहेबांकडे दिला. त्यांनी पाहिला, हसलेही. मग म्हणाले, यात नट आहेत, बकरीची मुलाखत आहे, शेवटचा भाग खरा कशावरून? मी कितीही सांगितलं तरी त्यांचं एकच, नाटकातला पुरावा कोर्टात चालत नाही. म्हणजे इसरू पडद्यावर उठला, पण कागदावर अजून बसलेलाच आहे.

तुझ्या कॅमेरामनने, लोकेशने, पानांकडे जायच्या आधी सगळं टिपलं आहे, बातमीत तुम्ही ते कापलंत. मी त्याच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा पाहिला. ते चित्रण तुझ्या ऑफिसात पडलं असेल. मला ते हवं आहे. विनंती करायची मला सवय नाही, तुला ऐकायची सवय नाही, तेव्हा आपण दोघं समान आहोत. पाठव.

दिव्यानी

·

चंद्रपूर,
२२ जानेवारी २०२४

दिव्यानी,

जटपुऱ्याच्या टपरीवर चहा घ्यायला थांबलो तर चहावाला म्हणतो, "मांगं पाहा ना भाऊ." पेट्रोल भरायला गेलो, तिथे तेच. पत्रकार परिषदेत मंत्रीमहोदय माझ्याकडे पाहून हसले आणि त्यांच्यामागचे सगळे हसले. मी वीस वर्षं या धंद्यात आहे. पुराच्या पाण्यात छातीइतका उभा राहून बातम्या दिल्या आहेत. आणि आता मी कोण? ज्याला पाठीमागचं दिसत नाही तो.

तुला लोकेशचं चित्रण हवं होतं ना? पाठवायची गरज नाही. काल रात्री नऊच्या बातम्यांत दाखवलं, पूर्ण. बघितलं नसशील तर सांगतो. कार्यक्रमाचं नाव 'विकासाचे अकरा वैरी'. उठणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याभोवती लाल वर्तुळ काढलं, बाण लावला, जिथे कळलं तिथे नावही टाकलं. पहिलं वर्तुळ तुझ्या इसरूचं. मी विचारलं, हे कोणाच्या सांगण्यावरून उठतात? यांना कॅमेऱ्यासमोर उठायला कोणी शिकवलं? अहेरीत बसून आदिवासींच्या नावावर चित्रपट काढणाऱ्या बाई कोण? तुझं नाव घेतलं नाही, एवढी घराण्याची लाज राखली.

मालकांनी स्वतः फोन करून शाबासकी दिली.

तू माझ्यावर लोकांना हसवलंस. आता त्यांना तुझ्या माणसांकडे बघू दे. हसतात का ते पाहू.

राजदीप

·

अहेरी,
१९ फेब्रुवारी २०२४

राजदीपभाऊ,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली ऐकून तुला राग येईल, दुसरी ऐकून यायला हवा.

सुनावणी झाली. आमच्या वकिलाने माझा चित्रपट बाजूला ठेवला आणि तुझा कार्यक्रम लावला. साहेबांनी विचारलं, हे कोणाचं चित्रण? वकील म्हणाला, ज्या चॅनलने सर्वसंमतीची बातमी दिली त्याच चॅनलचं. यात नट नाहीत, बकरी नाही. उठणाऱ्यांची गणती चॅनलने स्वतः केली आहे, सोयीसाठी लाल वर्तुळंही काढली आहेत. खाणवाल्यांचा वकील खाली बघत बसला. ठराव रद्द, नव्याने सभा घ्या, असा आदेश झाला. नोव्हेंबरात तू म्हणालास एकही नाही, जानेवारीत तूच म्हणालास अकरा. तुझ्याइतका प्रामाणिक मूर्ख मी पाहिला नाही, आणि माझ्या धंद्यात मूर्ख पुष्कळ बघायला मिळतात.

हसून घेतलं. आता दुसरी.

आदेशानंतर चौथ्या दिवशी पोलिसांनी इसरूला उचललं. कुठल्यातरी जुन्या रास्ता रोकोत त्याचं नाव असल्याचं सांगतात. त्या दिवशी तो सासुरवाडीला होता हे सगळं गाव सांगतं, पण गावाला विचारतो कोण. त्याला ओळखायला आलेल्या माणसाच्या मोबाइलवर तुझा कार्यक्रम होता. लाल वर्तुळ त्याने दाखवलं, इसरूकडे बोट केलं, झालं. नीलाबाई सांगते, तो जेवत होता. त्याने हात धुतला आणि निघाला. या एका प्रसंगी तो वाद न घालता उठला.

जामीन मंजूर झाला आहे, पण जामीनदार लागतो, आणि त्याच्याकडे सातबारा हवा. इरुकटोल्यात वनपट्टे आहेत, ते चालणार नाहीत असं वकील म्हणतो. बाकी ज्यांच्याकडे शेत आहे ते तुझा कार्यक्रम पाहून बसले आहेत, पुढचं वर्तुळ कोणाला हवं? माझ्या नावावर जमीन आहे ती मूलच्या शेतातली धानाची बांधी, आणि तिच्या सातबाऱ्यावर आपली दोघांची नावं आहेत. वाटणी तूच अडवून धरलीस. आता तुझ्या सहीशिवाय ती जामिनाला लागत नाही.

मोह पंधरा दिवसांत पडायला लागेल. नीलाबाई एकटी वेचणार, एकटी वाळवणार. इसरू आत आहे तो तुझ्या वर्तुळामुळे. सही कर.

दिव्यानी

·

चंद्रपूर,
२६ फेब्रुवारी २०२४

दिव्यानी,

मूर्ख. हा शब्द तू पत्रात तिसऱ्यांदा लिहिला नाहीस एवढीच मेहरबानी.

इसरूबद्दल वाईट वाटतं. पण मी वर्तुळ काढलं, मी त्याला उचललं नाही. आणि त्याला पहिल्यांदा पडद्यावर कोणी चढवलं? मंडईत त्याचं तोंड कोणी दाखवलं? मी नऊच्या बातम्यांत दाखवायच्या आधी तू त्याला गावोगाव हिंडवत होतीस. तेव्हा तुला त्याच्या जामिनाची काळजी नव्हती, टाळ्यांची होती. चोराच्या उलट्या बोंबा.

सही करतो, एका अटीवर. तुझ्या चित्रपटातून तो शेवटचा शॉट काढ. मी, माझी पाठ, मागे उठणारी माणसं आणि तुझं ते वाक्य, सगळं. नागपूरच्या महोत्सवात पाठवणार आहेस असं कळलं, त्या प्रतीतूनही. झिंगूची माकडचेष्टा ठेव, बकरी ठेव, मला हरकत नाही. ठराव तर रद्द झालाच आहे, आता त्या शॉटचं तुला काम काय? लोकांना हसवणं सोडून?

कापल्याचं लेखी कळव, मी कोर्टात येतो. चॅनलमध्ये माझं व्यवस्थित चाललं आहे, तारीख आधी सांगितलीस तर सुट्टी टाकता येईल.

राजदीप

·

अहेरी,
९ मार्च २०२४

राजदीपभाऊ,

तुझी अट वाचून मी दोन दिवस तुला शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी शॉट कापायला बसले. खरं सांगते. माणूस आत आहे आणि मी एका शॉटला कवटाळून बसावं, इतकी मी चित्रपटवाली झालेली नाही. तू लिहिलंस की त्याला आधी मी पडद्यावर चढवलं. ते वाक्य मला लागलं, आणि तुला हे कळावं म्हणून मुद्दाम लिहिते. याचा अर्थ तू सुटलास असा नाही.

पण कापण्याआधी नीलाबाईला विचारलं. तुझा-माझा शॉट नाही तो, तिच्या नवऱ्याचा आहे. ती लगेच म्हणाली, कापा. मोह पडून राह्यला आहे, पहाटे एकटीने वेचायचा, माकडं हाकायची, वर कोर्टाच्या चकरा. तिला तुझ्या-माझ्या चित्रपटाशी काही घेणं नाही. मग आम्ही दोघी इसरूला भेटायला तुरुंगात गेलो. जाळीच्या पलीकडे तो बसला होता, वाळला आहे, दाढी वाढली आहे. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तू सही करशील, तो घरी येईल, फक्त त्याचं उठणं चित्रपटात राहणार नाही.

तो जाळीवर बोट फिरवत ऐकत राहिला. मला वाटलं, कबूल आहे. मग म्हणाला, "मी उठलो होतो का नाई?"

मी म्हटलं, उठला होतास.

"मंग ते काऊन कापाचं? बसलेला म्हनून घरी जायाचं असन तं मी इथीच राह्यतो."

आणि तो उठला. भेटीची वेळ अजून शिल्लक होती. उठून आत चालला गेला, आमच्याकडे न बघता.

परतीच्या बसमध्ये नीलाबाई पुढच्या बाकावर बसली. आष्टी आली, आलापल्ली आली, ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटत होतं ती इसरूला शिव्या देत असेल, आणि तिचा हक्कच आहे. उतरायच्या आधी म्हणाली, "कापू नोका बाई. कापून आनलं त्याले, तं तो घरात ऱ्हाईल का? रोज उठून जाईन." मी काहीतरी धीराचं बोलायला गेले तर तिने हात आडवा केला. म्हणाली, "तुमचं भाऊबहिनीचं भांडन तुमी तुमच्या घरी करा. आमच्या टेकडीवर नोका करू."

 याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर तिलाच कळव.

तेव्हा शॉट कापत नाही. कापू शकत नाही, कारण ज्याचा आहे तो नाही म्हणाला. सही करायची असेल तर कर, नसेल तर बांधीतला माझा अर्धा हिस्सा मी दुसऱ्या कोणाच्या नावावर करून जामीनदार शोधेन, त्याला वेळ लागेल, मोह संपेल, पण करेन. तुला पुन्हा विनंती करणार नाही.

दिव्यानी

·

चंद्रपूर,
१६ मार्च २०२४

दिव्यानी,

चॅनलमध्ये माझं व्यवस्थित चाललेलं नाही. सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी मला काढलं. मागच्या पत्रात खोटं लिहिलं, सवयीने.

काढलं त्याचं वाईट नाही. मालकांनी पडद्यावर खुलासा वाचून दाखवला, त्याची प्रत सोबत ठेवली आहे. त्यात लिहिलं आहे की आमच्या वार्ताहराचं तोंड कॅमेऱ्याकडे असल्याने त्याच्या पाठीमागची हालचाल त्याच्या लक्षात आली नाही, सबब अनवधानाने चुकीची बातमी गेली, चॅनलचा त्यात काही हेतू नव्हता. वाच पुन्हा. कोणाचं वाक्य आहे हे? तुझं. मंडईत तू सगळ्यांना ज्यावर हसवलंस ते वाक्य मालकांनी उचललं आणि त्याच्याआडून निसटले. मंत्रीमहोदयांनीही परवा भाषणात म्हटलं, एका बिचाऱ्या पत्रकाराचं दुर्लक्ष झालं. टाळ्या पडल्या. खाणीसाठीचे त्यांचे डंपर तसेच उभे आहेत, नव्या सभेची वाट बघत.

तू फार हुशार आहेस ना? मग तुला हे कसं कळलं नाही?

सभेच्या आधी इसरूने मला त्याच्या अंगणात बसवून चहा दिला होता. मी त्याला विचारलं, तुमच्यात नाही म्हणायचं असेल तर काय करता? त्याने सांगितलं. उठून चालून दाखवलं, दोनदा, तुला माहीत आहे तो कसा आहे. तिथून मी मालकांना फोन केला. म्हटलं, इथे लोक उठतील, बातमी अडचणीची होईल. मालक म्हणाले, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहा.

बोलत असताना मला पाचोळा वाजलेला ऐकू येत होता. मंगरूची काठी पडली, अकराही जण उठून चालू लागले, तेव्हा लोकेशने खूण केली, वळ. मी त्याला डोळ्यांनी सांगितलं, कॅमेरा वर घे. पानांकडे गेलेला कॅमेरा माझ्या सांगण्यावरून गेला. मूर्ख मी एकदाच ठरलो, ती लाल वर्तुळं काढताना, आणि ते रागाच्या भरात. इरुकटोल्यात मी मूर्ख नव्हतो.

हे सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून वकिलाकडे दिलं आहे, फोनची वेळ वगैरे सगळं. लोकेश सही करायला तयार नाही, त्याला पोरंबाळं आहेत, त्याला त्रास देऊ नकोस. सातबाऱ्यावर माझी संमती लटारूकाकाजवळ ठेवली आहे. सोमवारी मी स्वतः कोर्टात येतो. तुझ्याशी बोलायला नाही. तुला माफ केलेलं नाही आणि तू मला करावंस अशी अपेक्षाही नाही. नीलाबाईला भेटणार होतो, पण तिला काय सांगू ते सुचत नाही, तेव्हा लांबूनच निघेन.

आता माझी अट. शॉट ठेव. इसरूचं उठणं एक इंचही कापू नकोस, महोत्सवात पाठव, मंडईत लाव, चंद्रपुरात माझ्या घरासमोर लाव. पण त्यावरचं तुझं वाक्य काढ. मला पाठीमागचं दिसलं नाही असं म्हणू नकोस. त्या जागी म्हण की याला माहीत होतं, मालकाला माहीत होतं, आणि ठरवून पाठ केली होती.

मग मांडवात कोण हसतं ते मी मागे उभा राहून बघेन.

राजदीप